'पंचायत'चा चौथा सीझन: समीक्षक म्हणतात रेंगाळला, आमचा पानठेला म्हणतो खरा

परिचालक

मंडळी, मी वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले, उतारे, ऑनलाइन अर्ज, जे काही कॉम्प्युटरला चिकटलेलं असतं ते माझ्या गळ्यात. त्यामुळे फुलेरा नावाच्या गावच्या ग्रामपंचायतीवरची 'पंचायत' ही हिंदी वेब मालिका मी मनोरंजन म्हणून पाहूच शकत नाही. ओव्हरटाइम केल्यासारखी पाहतो.

चौथा सीझन २४ जून २०२५ ला आला. आमच्याकडे तेव्हा पेरणीची घाई, म्हणून आठही भाग मोबाइलवर उतरवून ठेवले आणि पुढे सवडीने पाहिले. मधल्या काळात समीक्षा वाचून झाल्या होत्या. बहुतेकांचा सूर एकच: पहिल्यासारखा गोडवा राहिला नाही, राजकारण फार झालं, गोष्ट जागची हलत नाही. वाचून मन खट्टू झालं, पण डेटा खर्चला होता म्हणून पाहिलं.

आता माझं खरं खरं. पहिले दोन भाग मलाही लांबले. प्रधानपदाच्या निवडणुकीत दोन गटांची चिन्हं, लौकी विरुद्ध कुकर, इकडून घोषणा, तिकडून घोषणा. विरोधी गटातल्या बिनोदला फोडायला जेवायला बोलावतात तो प्रसंग आला तेव्हा मात्र आमच्या पानठेल्यावर मोबाइलला डोकी लावून उभे असलेले सहा जण एकदम गप्प झाले. एकाने खर्रा घोटायचा थांबवला. त्यातल्या दोघांना मागच्या निवडणुकीत कोणी कोणी जेवू घातलं होतं ते साऱ्या गावाला माहीत आहे. निकालाचा भाग बाबांसोबत घरी पाहिला. बाबा म्हणाले, "या समीक्षा लिहिणाऱ्यायनं कधी ग्रामपंचायतीची निवडणूक पाह्यली नाई वाटते. निवडणुकीत गाव पुढं जातच नाई ना बाप्पा, तिथंच गोल गोल फिरते."

तर प्रश्न असा: समीक्षक चुकले, की आपल्या घरचं दिसलं म्हणून आम्हीच माया लावतोय?

फुटाणे

जागा धरून बसतो. धागा पेटणार.

अर्धा_पुणेकर

मूळ गाव अकोला जिल्ह्यात, पोट पुण्यात, म्हणून हे नाव. समीक्षकांची बाजू कोणी घेणार नाही, तेव्हा मीच घेतो.

भाऊ, खरं असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेटसुद्धा शंभर टक्के खरी आहे. साडेतीन तास कोण पाहणार? मी स्वतः पाहिली नाही.

२०२० चा पहिला सीझन आठवा. एका भागाला एक बारकी भानगड. कुलपाची किल्ली हरवली. सोलरचा दिवा लावायचा तर झाडावर भूत. वरातीतला नवरदेव चाकाच्या खुर्चीसाठी अडून बसला. कॉम्प्युटरचा मॉनिटर चोरीला गेला. एवढ्याशा गोष्टीत अख्खं गाव दिसायचं. चौथ्यात आठ भागांत एकच भांडण आणि तेच तेच डावपेच. समीक्षकाने हे लिहू नये तर काय लिहावं? तो तुमच्या बाबांचा पाहुणा म्हणून आलेला नाही.

खळ्यावरून

@अर्धा_पुणेकर, कॅसेटची गोष्ट पटली, पण समीक्षक आणि आपण पाहतो कसं त्यातच फरक आहे. खरेदी केंद्रावर ग्रेडर काय करते? गाडीतला मूठभर कापूस काढते, बोटायनं धागा ओढून पाह्यते, ओलावा मोजते. आठ ते बारा टक्क्यांच्या आत बसला तर ठीक, वर गेला तर गाडी परत. बाकीच्या गाडीत काय आहे, वेचाईले किती गेले, पावसात किती भिजला, त्याले काही देणंघेणं नाही. समीक्षक तसाच. आठ भाग एका रात्रीत पाहणार, पहाटे तारे देऊन मोकळा. आम्ही एक भाग पाहतो आणि चार दिवस त्याच्यावर बोलतो. चार दिवस बोलून झाल्यावर तो भाग रेंगाळलेला वाटतच नाही.

अर्धा_पुणेकर

पण ग्रेडर नसता तर ओला कापूस कोरड्याच्या भावात गेला असता ना?

खळ्यावरून

तो जातेच. ग्रेडर असूनही.

माजी_सरपंच

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात पाच वर्षं सरपंच होते, महिला राखीव जागेवर. राखीव होतं म्हणूनच मला उभं केलं, हे आधी सांगून टाकते. आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे मालिकेतल्या प्रधान मंजूदेवी गावोगावी आहेत. आणि बायकोच्या नावावर कारभार हाकणारे प्रधानजीही. आमच्याकडे त्यांना सरपंचपती म्हणतात. ग्रामसभेत खुर्ची त्यांना, सही मला.

पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, मंजूदेवी झेंडावंदनाला येते आणि राष्ट्रगीत म्हणताना अडखळते, तो पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. मी उठून चहा ठेवायला गेले. माझं पहिलं झेंडावंदन आठवलं. दोरी ओढली, गाठ सुटेना. खाली मास्तर हळूच म्हणतात, "ताई, दुसरी दोरी, दुसरी." पोरं फिदीफिदी हसताहेत. त्या दिवशी घरी येऊन मी धुणं वाळत घालायच्या दोरीवर गाठी मारायचा आणि सोडायचा सराव केला. दहा दिवस. सासूबाईंना वाटलं, सून बह्याड झाली.

म्हणून मला चौथा सीझन आवडला की नाही हे विचारू नका, मी समीक्षक म्हणून कामाची नाही. पण एक तक्रार आहे आणि ती एकाही समीक्षकाने केलेली माझ्या वाचनात नाही. चार सीझन झाले, मंजूदेवीला कामाचं किती येतं ते नीट दिसलंच नाही. ती हुशार आहे, टोमणे मारते, प्रचार करते. पण कागद? मी दुसऱ्या वर्षी मासिक सभेचं इतिवृत्त स्वतः वाचायला लागले, तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाची चूक काढली. त्या दिवशी घरात आणि कार्यालयात दोन्हीकडे जे झालं, त्यावर एक अख्खा भाग निघाला असता. कुकर आणि लौकीपेक्षा चांगला.

शेवटी ती हरते तेव्हा मात्र मी रडले. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर जाताना कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

कोरडवाहू

अरे काय हे!!! मंजूदेवी हरते??? मी अजून पाचव्या भागावर आहे!

फुटाणे

@कोरडवाहू, मालिका येऊन किती दिवस झाले? तेवढ्यात आमच्या गावात एक निवडणूक होऊन फेरमोजणीही झाली असती.

माजी_सरपंच

माफ करा भाऊ. सवयीनं निकाल आधीच जाहीर केला.

परिचालक

@माजी_सरपंच ताई, दोरीवाला प्रसंग बाबांना वाचून दाखवला. आई आतून म्हणाली, "त्या बाईले आपल्याकडं जेवाले बोलवा."

इतिवृत्ताबद्दल हजार टक्के. आता एक माझंही कबूल करतो. तिसऱ्या सीझनमध्ये ती आजी आहे ना, नातवापासून वेगळी राहते असं दाखवून घरकुल मिळवायला बघते? तो भाग पाहून कोणाचे डोळे पाणावले असतील. मला घाम फुटला. सपाट भागात घरकुलाला एक लाख वीस हजार मिळतात, तेही हप्त्या-हप्त्यांनी. यादीत नाव लागावं म्हणून एकाच चुलीवर जेवणारे दोन दारं दाखवतात, आणि ते अर्ज मी टाइप करतो. खरं कोण, खोटं कोण, हे मला माहीत असतं. मी काय करतो ते इथे लिहीत नाही.

आणि मालिकेतल्या पंचायतीचा सचिव, त्या सचिवजीचा पगार वीस हजार म्हणे! त्यावर तो नाराज! माझ्या मानधनाचा आकडा सांगितला तर धागा विनोदी विभागात हलवावा लागेल.

पावशेर

अवांतर: लौकी म्हटल्याबद्दल धागाकर्त्याचे आभार. पुण्यात हॉस्टेलला असताना भाजीवाल्याला लौकी मागितली तर तो म्हणाला, "हिंदीत का बोलता?" त्याला दुधी हवा होता. मालिकेत लौकी ऐकून पहिल्यांदा वाटलं, चला, कोणीतरी आपल्यासारखं बोलतंय. तेही उत्तर प्रदेशातल्या बलियाचे लोक!

वऱ्हाडचा_पाहुणा

हेच तर. बलिया जिल्ह्यातलं फुलेरा दाखवतात, पण चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात, सिहोरजवळच्या महोडिया गावात. तिथली कौलं, ओटे, उन्हाचा रंग पाहून मेळघाटाच्या पायथ्याचा माणूस दचकतो. आपल्याकडून दूर नाही ते. आणि मराठीत मात्र मालिकेतलं गाव म्हणजे कोल्हापूर, सातारा, फार तर कोकण. विदर्भ कुठे आहे? असला तर विनोदाला.

तिखटमीठ

@वऱ्हाडचा_पाहुणा, 'माझ्या नवऱ्याची बायको' विसरलात? २०१६ ते २०२१. नायिका राधिका नागपूरची. तिचं बोलणं ऐकून माझी आत्या टीव्हीशी बोलायची. नवरा फसवतो म्हणून शिव्याही त्यालाच, वऱ्हाडीत.

वऱ्हाडचा_पाहुणा

नायिका नागपूरची, भूमिका करणारी अनिता दाते नाशिकची. काम चोख केलं, प्रश्नच नाही. पण नागपुरी, वऱ्हाडी, जे हाती लागेल ते एका पातेल्यात. नागपूरच्या माणसाच्या तोंडी निम्मी हिंदी असते, अकोल्याचं वळण निराळं, आणि भंडारा-गडचिरोलीची झाडीबोली तर आपल्यालाच कान देऊन ऐकावी लागते. टीव्हीवर सगळ्यांचं मिळून एकच 'काऊन बे'. भरत गणेशपुरे अमरावतीकडचे, ते बोलतात तेव्हा कानाला खटकत नाही. कारण ते बोलतात, बोलून दाखवत नाहीत.

तिखटमीठ

नाशिकच्या बाईने पाच वर्षं आपली बोली घराघरात नेली, त्याबद्दल आधी दोन शब्द चांगले बोला, मग व्याकरण तपासा. माझ्या पुण्याच्या जावेने त्या मालिकेनंतर मला "तुमच्याकडे खरंच असं बोलतात? किती गोड!" म्हटलं. त्याआधी बारा वर्षं तिला ते गावंढळ वाटायचं.

एक मान्य करते. पुढे पुढे राधिकाची मसाल्याची कंपनी तीनशे कोटींची झाली तेव्हा आत्यानेही हात जोडले. म्हणाली, "मी चाळीस वर्षं मसाला कुटून राह्यली, मले तीनशे रुपये नाई सुटले."

अर्धा_पुणेकर

आणि इथेच समीक्षेची पंचाईत आहे. रोजच्या मालिकेची समीक्षा पहिल्या आठवड्यात होते, तेव्हा सगळे निरागस असतात. तीनशे कोटी शेकडो भाग उलटल्यावर कुठेतरी येतात, आणि तिथवर पोचलेला समीक्षक सापडत नाही. ते काम आत्याच करते.

रिमोट

आत्याला विचारतं कोण पण? टीआरपी मोजणारं 'बार्क' २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी खेड्यातली घरंही मोजायला घेतली. त्याआधीचे आकडे शहरी घरांचेच होते. म्हणजे आपण वर्षानुवर्षं मालिका पाहत होतो आणि हिशेबात कुठेच नव्हतो.

खळ्यावरून

आताही आमच्या गावात तो मीटर कोणाकडं पाह्यला नाही. विजेचा मात्र घरोघरी आहे, आणि तो बरोबर पळते.

झाडीपट्टीकर

समीक्षक समीक्षक काय करता! एकदा गडचिरोलीतल्या वडशाकडे या. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की होळीपर्यंत गावागावात नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. थंडीत घोंगडी-चादरी घेऊन माणसं मंडपात बसतात, लेकरं तिथेच झोपतात. आमचे समीक्षक सतरंजीवर असतात. खलनायक चांगला वठला तर बाया त्याला खरोखरच्या शिव्या घालतात, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा. प्रवेश लांबला की मागून आवाज येतो, "आवर रे, धान कापायले जायचा हाये!" नट जागच्या जागी दोन पानं गाळतो. झाली समीक्षा. पुढच्या गावात तेच नाटक वीस मिनिटांनी कमी.

आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईकडच्या एका ओळखीच्याने फोन करून विचारलं, "झाडीपट्टी म्हणजे नक्की कुठे?" मी म्हटलं, तुमच्या नकाशाच्या घडीत.

पावशेर

"नकाशाच्या घडीत" +१. 'पंचायत'च्या लेखकाला सतरंजीवर बसवला असता तर चौथा सीझन पाच भागांत आटोपला असता.

निवृत्त_गुरुजी

ताईंनी मास्तरांचा उल्लेख केला म्हणून लिहावंसं वाटलं. (ते मास्तर मी नव्हे.)

२५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक होतो. गावात एकच टीव्ही, काळा-पांढरा. रविवारी सकाळी साडेनऊला मालिका आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायचो. मालिका संपली की ट्रॅक्टर ढकलून सुरू करायला पंधरा-वीस जण लागत, आणि ते हजर असतच. हनुमंताने लंका पेटवली त्या दिवशी नेमकी बॅटरी उतरली. चित्र लहान लहान होत मधोमध एक ठिपका राहिला. एक म्हातारी म्हणाली, "धूर झाला असंन."

तेव्हाही शहरातले जाणकार मालिकेला नावं ठेवत होते. वर्तमानपत्र एसटीनं दुपारी यायचं, त्यात कधी कधी वाचायला मिळे: संथ आहे, भडक आहे. मी ते शाळेत वाचून दाखवलं तर सहावीतला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, त्यायच्याकडं लाईट जात नसंन. म्हणून संथ वाटते."

अजून त्या पोराइतकं नेमकं उत्तर मला सुचलेलं नाही. असो, विषयांतराबद्दल क्षमस्व.

फुटाणे

गुरुजी, हे विषयांतर नाही, धाग्याचा मुद्दाच हा आहे. तो पोरगा आता काय करतो?

निवृत्त_गुरुजी

वीज मंडळात होता. लाइनमन. आता तोही निवृत्तीला आला.

कोरडवाहू

आठही भाग संपवले. ताईंनी निकाल फोडल्यामुळे एक गंमत झाली. कोण जिंकणार हा ताण राहिला नाही, त्यामुळे माणसं नीट पाहिली. मंजूदेवी हरणार हे माहीत असल्यावर प्रचारातला तिचा प्रत्येक हसरा चेहरा वेगळाच दिसतो. उपप्रधान प्रल्हादचा तर काय बोलावं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याच्या मुलाचं पार्थिव गावात येतं ना, तेव्हा आईने टीव्ही बंद करायला लावला होता. माझा चुलतभाऊ सैन्यात आहे. चौथ्यात प्रल्हाद थोडा हसतो आहे हे पाहूनच आईला बरं वाटलं. "लांबू दे, माणूस सावरला ना," म्हणाली.

@अर्धा_पुणेकर, या हिशेबाने तुमची कॅसेटही कोणीतरी पाहील. तुमच्या आईने पाहिली असेल.

अर्धा_पुणेकर

पाहिली आहे. तीनदा. आजोबा त्यात आहेत म्हणून.

बरं, मी अर्धं पाऊल मागे घेतो. मालिका लांबली हे माझं मत कायम. पण ती लांबी कोणासाठी लांबी आहे, हे समीक्षेत लिहायला जागा हवी. आणि ताईंची इतिवृत्ताची तक्रार समीक्षकांच्या तक्रारीपेक्षा वजनदार आहे. ते राजकारण जास्त झालं म्हणतात, ताई म्हणतात कारभार कमी पडला. दुसरं वाचेपर्यंत मला पहिलंच पूर्ण वाटत होतं.

माजी_सरपंच

पूर्ण पाऊल घ्या हो. पुढच्या वेळी गावी आलात की यवतमाळला या, इतिवृत्त कसं असतं ते दाखवते. त्याच्याइतकं रेंगाळलेलं मात्र तुम्ही काही वाचलेलं नसेल.

वऱ्हाडचा_पाहुणा

एक तांत्रिक शंका. आपल्याकडे सरपंचाची निवड थेट जनतेतून २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. मधल्या काळात सदस्य सरपंच निवडायचे, म्हणजे फोडाफोडी, सहली, हॉटेलात डांबणं. उत्तर प्रदेशात प्रधान थेट निवडून येतो. मराठीत मालिका काढायचीच तर मधल्या काळातली काढा. सात सदस्य एका गाडीत कोंबून देवदर्शनाला नेले आहेत, आणि गाडी खामगावच्या पुढे पंक्चर.

झाडीपट्टीकर

हे नाटक लिहिलं तर मी वडशाला लावून देतो. सहली आमच्या लोकांनी पाहिल्या आहेत, काही जण गेलेही आहेत.

तिखटमीठ

नायिका आमची आत्या. मसाल्यासकट.

रिमोट

@परिचालक, मूळ प्रश्न तुमचा होता आणि तुम्हीच गायब. एक विचारायचं राहिलं. मॉनिटर चोरीचा भाग पाहताना तुमच्या कार्यालयात काय झालं? तुमच्याकडे कधी चोरी नाही झाली?

परिचालक

गायब नव्हतो, दाखल्यांची गर्दी होती. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू आहेत.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर बाबांना परवा पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "समीक्षक चुकला नाई. त्यानं मालिका पाह्यली. आपण गाव पाह्यलं." आणि लगेच पुढे, "पण पहिले दोन भाग लांबलेच होते, तू सांगू नको कोणाले." मी सांगितलं.

चोरीचं विचारू नका. दोन वर्षांपूर्वी कार्यालयातली इन्व्हर्टरची बॅटरी गेली. मालिकेत मॉनिटरसाठी सारं फुलेरा कामाला लागलं. आमच्याकडे पंचनामा झाला, चहा झाला, सगळे घरी गेले. कोणी नेली हे तिसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला कळलं होतं. त्याच्या घरी लग्न होतं आणि मांडवातला एकही दिवा गेला नाही. आम्ही सगळे जेवून आलो.

फुटाणे

मग बॅटरी परत मिळाली का?

परिचालक

नाही. आता माझ्या खुर्चीचं एक चाकही गेलं आहे. यंदा गावात लग्न कोणाकडे आहे ते पाहतो.